आकडा लहान, कप मोठा

पिशोरच्या वरातींत ट्रॉम्बोन लहानपणापासून बघतोय. पण तोंडाला लावायचा तो पितळी कप, म्हणजे माऊथपीस, कधी नीट पाहिला नव्हता. परवा एका बँडवाल्या मित्राने कोडं घातलं. बाखचा १२सी त्याला लहान पडतो, खालचे सूर भरत नाहीत. दुकानदाराने ६½ एएल पुढे केला. "अरे, हा तर निम्मा झाला!" म्हणून हा परत आला.

गंमत अशी की ६½ च मोठा! १२सी चं तोंड २४.५ मिलिमीटर, ६½ एएलचं २५.४. फरक मिलिमीटरभरसुद्धा नाही, पण तासभर वरात वाजवणाऱ्या ओठाला विचारा.

हा उलटा हिशोब व्हिन्सेंट बाखचा. हे ऑस्ट्रियाचे, बोस्टन सिम्फनीत ट्रम्पेट वाजवायचे. १९१८ मध्ये न्यूयॉर्कला माऊथपीस करू लागले. आकडा वाढला की कप लहान. पुढे शिकागो सिम्फनीचे रेनॉल्ड शिल्के आले (तेही ट्रम्पेटवालेच!) आणि त्यांनी सरळ मोजलं: आकडा मोठा, कप मोठा. १९६० च्या दशकात ते यामाहाचे सल्लागार झाले, म्हणून यामाहाचा ४८ बाखच्या ६½ एएलच्या जवळपास बसतो. लंडन सिम्फनीचे डेनिस विक मात्र खरे ट्रॉम्बोनवाले, पण आकडे बाखच्याच चालीने.

मित्राला म्हटलं, ६½ च घे. फक्त वाद्यात बसणारी दांडी आधी बघ; ती बारीक आणि जाड अशा दोन मापांत येते. त्याचा ट्रॉम्बोन मेरठचा, बारीक दांडीचा. जाड घेतलीस तर आत शिरणारच नाही.