१ जुलै : वाख सोलणाऱ्या यंत्राला पेटंट

१९१९ : अमेरिकेतील संशोधक जॉर्ज श्लिख्टन यांना हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या जातीतील झाडाच्या, ताटांपासून वाख वेगळा करणाऱ्या यंत्राचे पेटंट (क्र. १३,०८,३७६) मिळाले. पारंपरिक पद्धतीत ताटे आठवडेच्या आठवडे दवात किंवा पाण्यात कुजवत, मग वाळवून लाकडी दांड्यांखाली हाताने मोडत आणि झोडपून, विंचरून वाख स्वच्छ करत. हे काम कंबरडे मोडणारे होते. श्लिख्टन यांच्या यंत्रात ताटे न कुजवता वाख सोलता येत असे. उरलेल्या भुशापासून कागद करता येतो, हे अमेरिकी कृषी खात्याने १९१६ मध्येच दाखवले होते. तरीही हे यंत्र बाजारात रुजले नाही. गांजावरच्या १९३७ च्या करकायद्याने अमेरिकेतील हेम्पच्या शेतीवर निर्बंध आले. २०१८ मध्ये ती पुन्हा कायदेशीर झाली. श्रम हलके करू पाहणारा हा संशोधक स्मरणात राहायलाच हवा.