कार्बोरेटरपासून लॅपटॉपपर्यंत

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत पद्मिनी ही मोटार बनत होती. तेव्हा घाटकोपर-मुलुंडच्या गॅरेजांत ट्यूनिंग म्हणजे कार्बोरेटर उघडून जेट बदलणे, पॉइंट सेट करणे. मिस्त्रीचा कान हेच मोजमाप, आणि ते कौतुकाचेच होते.

2001 मध्ये मुंबईत भारत स्टेज-2 निकष आले. फ्युएल इंजेक्शनने कार्बोरेटरला निरोप दिला आणि इंधन किती, ठिणगी केव्हा हे ईसीयूतले, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले, आकडे ठरवू लागले.

उदाहरणार्थ, 2013 मध्ये बाजारात आलेली पोलो जीटी टीएसआय ही टर्बो गाडी मूळची 105 पीएसची. लॅपटॉपवरून ईसीयूतले आकडे बदलले की टर्बोचा दाब वाढतो, टॉर्कही. पण खरी कसोटी अंधेरी-बोरिवलीच्या कोंडीत लागते. रांगत्या गाडीत इंजिनात शिरणारी हवा तापते, साध्या पेट्रोलवर नॉकिंगचा धोका वाढतो, ईसीयू ठिणगी मागे ओढतो आणि विकत घेतलेली ताकद हरवते. वाढीव टॉर्कचा भार डीएसजी गिअरबॉक्सच्या कोरड्या क्लचवर पडतो, तो वेगळाच.

कायदाही आहेच. उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल नको, असे मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सांगते. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये तेच ठामपणे मांडले. तेव्हा ट्यूनच्या मोहात पडण्यापूर्वी वॉरंटी आणि विम्याच्या अटी नीट वाचाव्यात.