१८५७चे नाव काय? ग्रंथालयाच्या कॅटलॉगमधील एक जुना वाद

१/१२
१८५७ला काय म्हणावे : बंड, उठाव की स्वातंत्र्यसमर? हा वाद इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित आहे. मात्र जगभरातील अनेक ग्रंथालयांच्या ऑनलाइन कॅटलॉगांत त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवलेले आहे. ते ठाऊक नसेल, तर कपाटात असलेले पुस्तकही वाचकाच्या हाती लागत नाही. #थ्रेड #इतिहास

२/१२
ते उत्तर असे : ‘इंडिया–हिस्टरी–सिपॉय रिबेलियन, १८५७-१८५८’. म्हणजे शिपायांचे बंड. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने निश्चित केलेले हे विषयशीर्षक आहे. झाशीची राणी, नानासाहेब, तात्या टोपे, अवधचे तालुकदार आणि शेतकरी, यांपैकी कोणीही कंपनीचे शिपाई नव्हते. तरीही त्यांच्या लढ्याचा अभ्यास याच नावाखाली नोंदला जातो.

३/१२
विषयशीर्षकाची गरज काय? एकाच घटनेवर लिहिणारे लेखक निरनिराळे शब्द वापरतात. त्यामुळे कॅटलॉग तयार करणारा ग्रंथपाल पुस्तक चाळून त्याचा विषय ठरवतो आणि प्रमाणित यादीतील एकच नाव त्या नोंदीला जोडतो. पुस्तक कोणत्याही भाषेतले, कोणत्याही बाजूचे असो. विषय एक, तर नाव एक.

४/१२
या विचाराला शिस्तबद्ध रूप दिले ते बॉस्टन अथेनियमचे ग्रंथपाल चार्ल्स कटर यांनी. १८७६ मध्ये त्यांची नियमावली प्रसिद्ध झाली. लेखक, ग्रंथनाम किंवा विषय यांपैकी एक गोष्ट माहीत असली तरी वाचकाला पुस्तक सापडावे, हे तिचे उद्दिष्ट. विषयाला नाव देताना वाचकांत रूढ असलेला शब्द घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता.

५/१२
लायब्ररी ऑफ काँग्रेसने १८९८ पासून आपला नवा विषयवार कॅटलॉग रचण्यास आरंभ केला. १९०१ पासून तिने आपली छापील कार्डे इतर ग्रंथालयांना विकण्यास सुरुवात केली. १९०९ ते १९१४ या काळात विषयशीर्षकांची यादीही टप्प्याटप्प्याने छापून निघाली. आयते कार्ड स्वस्त पडे आणि श्रम वाचत. त्या कार्डाबरोबर वॉशिंग्टनने ठरवलेली नावेही दूरदूर पोहोचली.

६/१२
कळीचा प्रश्न येथेच उभा राहतो. रूढ शब्द, पण कोणत्या वाचकांत रूढ? झांबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम केलेले सॅनफर्ड बर्मन यांनी १९७१ मध्ये एका पुस्तकातून या यादीची झडती घेतली. तीत ‘काफिर’ हे शीर्षक होते. आफ्रिकी वाचकांच्या लेखी ती शिवी होती. ‘यलो पेरिल’ आणि ‘ज्यूइश क्वेश्चन’ हीदेखील तेथे विषयांची अधिकृत नावे म्हणून नांदत होती.

७/१२
हा वाद जुन्या काळापुरता नाही. ‘इल्लीगल एलियन्स’ हे शीर्षक बदलावे, अशी मागणी २०१४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी लावून धरली. २०१६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने बदल जाहीर केला, परंतु अमेरिकी संसदेतील काही सदस्यांनी त्यास विरोध केला आणि तो रखडला. अखेर २०२१ मध्ये त्या जागी ‘नॉनसिटिझन्स’ व ‘इल्लीगल इमिग्रेशन’ अशी दोन शीर्षके आली.

८/१२
मग ही यादी सरसकट साम्राज्यवादी म्हणावी काय? तसेही नाही. याच यादीत भारतातील इंग्रजी राजवटीचे नाव ‘ब्रिटिश ऑक्युपेशन, १७६५-१९४७’ असे आहे, म्हणजे थेट ‘ब्रिटिशांचा ताबा’. ही नावे निरनिराळ्या काळांत, निरनिराळ्या हातांनी पडत गेली; म्हणून यादी स्वतःच एक ऐतिहासिक साधन ठरते.

९/१२
मराठीचा दाखलाही बोलका आहे. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये चिं. वि. वैद्यांनी प्रसिद्ध केला. त्याच्या उपशीर्षकात ‘बंड’ हा शब्द आढळतो. सावरकरांच्या ग्रंथाचे नावच ‘१८५७चे स्वातंत्र्यसमर’. त्याचा इंग्रजी अनुवाद १९०९ मध्ये निघाला आणि ब्रिटिश सरकारने त्यावर बंदी घातली. केवळ ‘स्वातंत्र्यसमर’ हा शब्द शोधणाऱ्यास गोडसे भटजी भेटणार नाहीत, आणि ‘प्रवास’ शोधणाऱ्यास सावरकर.

१०/१२
यावर उपाय सोपा आहे. सुचेल त्या शब्दाने आधी विषयाशी नेमके जुळणारे एक पुस्तक शोधावे. त्याची संपूर्ण नोंद उघडून ‘सब्जेक्ट’ या रकान्यातील शीर्षके वाचावीत आणि योग्य त्या शीर्षकावर क्लिक करावे. एरवी विखुरलेली पुस्तके तेथे एकत्र येतात. पुढे स्थळ, काळ किंवा ‘पर्सनल नॅरेटिव्हज’, म्हणजे प्रत्यक्षदर्शींच्या हकिकती, अशा उपविभागांनी शोध अधिक नेमका करता येतो.

११/१२
मराठी पुस्तकांबाबत आणखी एक अडसर असतो. १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयामार्फत भारतीय भाषांतील पुस्तके मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत गेली. अशा अनेक नोंदी रोमन लिपीत आहेत आणि त्या लिप्यंतरात शब्दाच्या शेवटचा ‘अ’ही लिहिला जातो. म्हणून ‘इतिहास’ किंवा ‘प्रवास’ रोमन लिपीत शोधताना शेवटी ‘ए’ हे अक्षर जोडून पाहावे.

१२/१२
‘सिपॉय रिबेलियन’ हे नाव शोधासाठी वापरणे म्हणजे ते मान्य करणे नव्हे. दप्तरखान्यात शिरताना जुन्या कारकुनाने लावलेली चिठ्ठी वाचावीच लागते. मात्र ती चिठ्ठी कोणी, केव्हा आणि कोणासाठी लिहिली, हेही विचारावे. इतिहासाचा अभ्यास पुस्तक उघडण्याआधी, कॅटलॉगच्या त्या एका ओळीपासूनच सुरू होतो.