जाळी कापण्याची रीत

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत आज ६८ संघ उतरतात. मार्चच्या मध्यास तिला प्रारंभ होतो, एका पराभवासरशी संघ बाद होतो, आणि तीन आठवड्यांत ६७ सामने झाल्यावर ज्याने आपला शेवटचा सामना जिंकला आहे असा एकच संघ शिल्लक राहतो. अंतिम सामना तिकडे सोमवारी रात्री खेळला जातो, म्हणजे आपल्याकडे मंगळवारची सकाळ झालेली असते. त्या वेळी विजेते विद्यार्थी एकामागून एक शिडी चढतात, कड्याला बांधलेल्या जाळीचा एकेक धागा कात्रीने कापतात, आणि उरलेली जाळी सर्वांत शेवटी प्रशिक्षकाच्या गळ्यात पडते. हे दृश्य पाहताना मला नेहमी वाटत आले आहे की, या स्पर्धेचे मर्म चषकापेक्षा या सुताच्या जाळीत अधिक आहे. चषक विद्यापीठाच्या दालनात जातो. धागा मात्र ज्याने तो कापला त्याच्यापाशी जन्मभर राहतो. तो कापण्यास कोणाला शिडी मिळाली आणि कोणाला मिळाली नाही, याच्या शोधात निघाले असता या स्पर्धेचा बराचसा इतिहास हाती लागतो.

मुळात या खेळास जाळीच नव्हती. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे, वाय.एम.सी.ए.च्या शिक्षकशाळेत, जेम्स नेस्मिथ या कॅनडात जन्मलेल्या तरुण शिक्षकाने हिवाळ्यात घरबंद झालेल्या १८ विद्यार्थ्यांसाठी १३ नियमांचा हा खेळ रचला, तेव्हा व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकलेल्या होत्या, आणि चेंडू आत पडला की तो वर चढून काढावा लागे. टोपलीची जागा तळ नसलेल्या जाळीने घेतली ती नंतर. वाय.एम.सी.ए.च्याच मार्फत हा खेळ देशोदेशी पसरला, आणि आपल्या मुंबईतील नागपाड्याच्या वस्तीतही त्याने असे मूळ धरले की तेथील मैदाने आजही त्याच्यासाठी ओळखली जातात.

राष्ट्रीय स्पर्धा १९३९ साली सुरू झाली. न्यूयॉर्कच्या क्रीडापत्रकारांनी आदल्याच वर्षी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आपली निमंत्रितांची स्पर्धा भरवली होती. महाविद्यालयीन खेळाची सूत्रे महाविद्यालयांच्याच हाती असावीत या भावनेने प्रशिक्षकांच्या संघटनेने ही दुसरी स्पर्धा मांडली, आणि ओहायो स्टेटचे प्रशिक्षक हॅरल्ड ओल्सन यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. आठ संघ आले. इव्हॅन्स्टन येथील अंतिम सामन्यात ओरेगॉनने ओल्सन यांच्याच संघाला ४६–३३ असे हरवले, आणि जमाखर्च मांडला तेव्हा २,५३१ डॉलरांची तूट निघाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नेस्मिथ निवर्तले. ज्या स्पर्धेचे प्रक्षेपणाचे हक्क आज अब्जावधी डॉलरांना विकले जातात तिचा हा प्रारंभ.

त्या काळी शेवट आजच्याइतका कठोर नव्हता. विभागीय फेऱ्यांत आणि उपांत्य फेरीत हरलेल्या संघांचा आपसांत एक सामना तिसऱ्या क्रमांकासाठी होत असे, त्यामुळे विजेत्याखेरीज आणखी काही संघ जिंकून घरी जात. विभागीय सामने १९७५ नंतर बंद झाले, आणि राष्ट्रीय पातळीवरील असा शेवटचा सामना ३० मार्च १९८१ रोजी फिलाडेल्फियात व्हर्जिनियाने जिंकला. त्या दिवशी दुपारी राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला होता, आणि त्यांच्या प्रकृतीची खात्रीची वार्ता येईपर्यंत अंतिम सामना खेळावा की नाही याचा खल चालला होता. तिसऱ्या क्रमांकाचा सामना बंद केला हे मला योग्यच वाटते. हृदयभंग झालेल्या तरुणांना पुन्हा मैदानात उभे करून सांत्वनाचा विजय मिळवायला लावणे यात दया कमी आणि तिकिटांचा हिशेब जास्त होता.

जाळी कापण्याची रीत मात्र या स्पर्धेची निर्मिती नव्हे. ती इंडियानाच्या शाळांतून आली, आणि महाविद्यालयांत ती रूढ केल्याचे श्रेय एव्हरेट केस यांना दिले जाते. फ्रँकफर्ट या लहान गावच्या शाळेला चार वेळा प्रांताचे विजेतेपद मिळवून दिलेला हा गृहस्थ १९४६ साली नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा प्रशिक्षक म्हणून रॅलीला आला, तेव्हा तो मुलूख फुटबॉलचा होता. केस यांनी आपल्याबरोबर इंडियानाची मुले आणली, इंडियानाचा वेगवान खेळ आणला, आणि पहिल्याच हंगामात, १९४७ मध्ये, सदर्न कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटाचे विजेतेपद मिळताच खेळाडूंच्या खांद्यांवर चढून आठवण म्हणून जाळी कापून घेतली. पाहता पाहता ती रीत साऱ्या देशाची झाली. परंतु राष्ट्रीय विजेतेपद त्यांना कधीच लाभले नाही. कर्करोगाने ग्रासल्यामुळे १९६४ च्या डिसेंबरात त्यांनी काम सोडले. पुढच्या मार्चमध्ये त्यांच्या जुन्या संघाने रॅलीच्याच रेनॉल्ड्स कॉलिझियममध्ये ड्यूकचा पराभव करून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स जिंकली, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्या क्षीण देहाला उचलून कड्यापर्यंत नेले आणि शेवटचा धागा त्यांच्याकडून कापवून घेतला. वर्षभराने ते वारले. मृत्युपत्रात त्यांनी आपल्या मिळकतीचा काही भाग जुन्या खेळाडूंना दिला होता, आणि आपले दफन ७० क्रमांकाच्या हमरस्त्याकडेला व्हावे, म्हणजे ड्यूकशी खेळायला निघालेल्या मुलांना हात करता येईल, अशी इच्छा दर्शवली होती. अविवाहित राहिलेल्या या माणसाचे सारे गणगोत ते विद्यार्थीच होते.

त्याच दशकात ही जाळी एका फार मोठ्या प्रश्नात गुंतली. मिसिसिपी स्टेटचा गोऱ्या मुलांचा संघ १९५९, १९६१ आणि १९६२ साली आपल्या विभागात पहिला आला, तरी कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या संघांशी न खेळण्याच्या प्रांताच्या अलिखित नियमापायी त्याला राष्ट्रीय स्पर्धेपासून दूर राहावे लागले. १९६३ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष डीन कॉल्व्हार्ड यांनी संघ पाठवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा संघाने प्रांताबाहेर जाऊ नये असा न्यायालयाचा मनाईहुकूम निघाला. हुकमाची बजावणी होऊ नये म्हणून अध्यक्ष व प्रशिक्षक बेब मॅकार्थी आधीच सरहद्दीपार झाले, राखीव खेळाडूंना प्रथम विमानतळावर पाठवून अंदाज घेण्यात आला, आणि नंतर संघ मिशिगनमधील ईस्ट लॅन्सिंग येथे पोहोचला. प्रतिस्पर्धी लोयोला–शिकागोच्या पहिल्या पाचांत चार खेळाडू कृष्णवर्णीय होते. आरंभापूर्वी लोयोलाचा जेरी हार्कनेस आणि मिसिसिपीचा जो डॅन गोल्ड यांनी हस्तांदोलन केले, त्या क्षणी छायाचित्रकारांचे दिवे लखलखले. लोयोला ६१–५१ असा जिंकला आणि पुढे विजेताही ठरला. परंतु हरून परतलेल्या मिसिसिपीच्या मुलांचे धैर्य मला त्या विजयाच्या तोडीचे वाटते. २०११ मध्ये गोल्ड वारला तेव्हा हार्कनेस त्याच्या अंत्यविधीला गेला होता.

तीन वर्षांनी, १९ मार्च १९६६ रोजी, मेरीलँडमधील कोल फील्ड हाउसमध्ये टेक्सास वेस्टर्नचे प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स यांनी अंतिम सामन्यात पाचही कृष्णवर्णीय खेळाडू प्रथम उतरवले. समोर अडॉल्फ रप यांचा केंटकी होता, आणि त्यात एकही कृष्णवर्णीय नव्हता. एल पासोहून आलेल्या टेक्सास वेस्टर्नच्या मुलांनी ७२–६५ असा विजय मिळवला. त्यांना शिडी आणून द्यावी असे मात्र तेथे कोणाला वाटले नाही. तेव्हा उंच नेव्हिल शेडने ठेंगण्या विली वर्स्लीला वर उचलले, आणि जाळी तशी कापली गेली.

यानंतरच्या ख्यातकीर्त शेवटांचा उल्लेख धावताच करतो, कारण ते सर्वश्रुत आहेत. जॉन वुडन यांच्या यू.सी.एल.ए.ने १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा वेळा जाळी कापली. १९७९ मध्ये मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटपुढे लॅरी बर्डचा, तोवर अपराजित असलेला, इंडियाना स्टेट हरला. १९८२ मध्ये स्त्रियांची स्पर्धा पुरुषांची स्पर्धा भरवणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्याच छत्राखाली आली आणि तिची पहिली जाळी लुइझियाना टेकच्या मुलींनी कापली. यातील प्रत्येक सामन्यात हरणाऱ्या संघातील शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी बहुतेक आयुष्यातला शेवटचा मोठा सामना खेळत होते. व्यावसायिक खेळाडूस पुढचा हंगाम असतो. यांच्यापैकी फार थोड्यांना तो लाभतो, आणि म्हणूनच अखेरचा भोंगा वाजल्यावर जर्सीत तोंड लपवून रडणारा मुलगा पाहिला की विजेत्यांकडे माझे लक्ष राहत नाही.

१२ मार्च २०२० रोजी करोनाच्या साथीमुळे स्पर्धा रद्द झाली, आणि १९३९ पासून महायुद्धातही न खंडलेली परंपरा त्या वर्षी खंडली. निर्णय अपरिहार्य होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस राष्ट्रीय संघटनेने वसंतात खेळल्या जाणाऱ्या खेळांतील विद्यार्थ्यांना आणखी एक वर्ष खेळण्याची मुभा दिली आणि हिवाळी खेळांना, म्हणून बास्केटबॉललाही, ती नाकारली, कारण त्यांचा नेहमीचा हंगाम बहुतांशी पार पडला होता. हा युक्तिवाद मला आजही पटत नाही. चार वर्षे ज्या तीन आठवड्यांसाठी त्या मुलांनी घाम गाळला होता ते तीन आठवडे आलेच नाहीत; हरण्याचासुद्धा त्यांचा हक्क होता, आणि तो त्यांना परत देता आला असता.