मिरजेचे ऊन आणि तासातासाचा हिशेब

१/
मे महिन्यात मिरजेतील पश्चिमेकडच्या भिंतीवर सर्वात कडक ऊन चार वाजण्याच्या सुमारास पडते. भिंत २३ सेंटीमीटर विटांची असेल, तर ती उष्णता खोलीत पोहोचायला साधारण सात-आठ तास लागतात. दिवसाचे ऊन मध्यरात्री घरात उतरते ते असे.

२/
खोली ठरावीक तापमानाला राखण्यासाठी दर तासाला जेवढी उष्णता बाहेर काढावी लागते, तिला शीतभार म्हणतात. देशावरच्या वाड्यांत हा भार दगडमातीच्या जाड भिंती, चौक आणि लहान खिडक्या पेलत असत. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत मिशन रुग्णालय उभारले, तेव्हा आधुनिक वातानुकूलन अस्तित्वातच नव्हते.

३/
ते १९०२ मध्ये अमेरिकेत आले. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद बिघडत असे. विलिस कॅरियर यांनी त्यावर यंत्र योजले. या यंत्रांचे माप मात्र बर्फाच्या धंद्यातून आले. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी क्षमता म्हणजे 'एक टन', सुमारे ३.५ किलोवॉट.

४/
किती टनांचे यंत्र लागेल, हे खोलीच्या चौरस फुटांवरून ठरवण्याचा ठोकताळा आजही चालतो. त्यात भिंतीने केलेला उशीर धरलेला नसतो. १९६७ मध्ये कॅनडातील स्टीफन्सन आणि मिटालास यांनी त्यासाठी गणिती रीत मांडली : या तासाचा भार काढताना मागील अनेक तासांचे तापमानही योग्य वजन देऊन मोजायचे. हाताने किचकट असलेले हे काम संगणकाने सुकर केले.

५/
पण ऊन किती पडते, याची तासवार नोंद हवीच. भारतात हा पाया पुण्याच्या वेधशाळेत काम केलेल्या अ‍ॅना मणी यांनी घातला. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात त्यांनी सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभे केले. १९८० मध्ये त्यांचा भारतातील सौर प्रारणाच्या आकडेवारीचा ग्रंथ निघाला.

६/
२००१ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची 'एनर्जीप्लस' ही प्रणाली आली. ती वर्षाच्या ८,७६० तासांपैकी प्रत्येकाचा भार स्वतंत्र काढते. मात्र 'नमुनेदार इमारत' कोणती, हे माणसालाच ठरवावे लागते. कचेरी सायंकाळी रिकामी होते. रुग्णालय रात्रभर जागे असते. भिंती त्याच असल्या, तरी मध्यरात्री उतरणारे ऊन कचेरीत कोणाला जाणवत नाही, रुग्णालयात मात्र खाटेवरच्या रुग्णाला सोसावे लागते.

७/
हवामानाची नोंदही जवळची हवी. एकाच सांगली जिल्ह्यात शिराळा पावसाचा, तर जत दुष्काळाचा. दूरच्या शहराचे आकडे मिरजेला लावले, तर गणित अचूक असूनही उत्तर चुकते. गरजेपेक्षा मोठे यंत्र हवा पटकन गार करून थांबते आणि पावसाळी दमटपणा खोलीत तसाच राहतो. लहान यंत्र मे महिन्यात पुरत नाही.

८/
२०१८ च्या 'इको निवास संहिते'ने निवासी इमारतींच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला सरासरी १५ वॉट प्रति चौरस मीटर अशी मर्यादा सुचवली. यंत्र निवडण्याआधी भिंत, छप्पर आणि सावली यांचा विचार व्हावा, हा तिचा आग्रह. वाडा बांधणाऱ्या गवंड्याने हा क्रम आकडेमोडीविनाच पाळला होता.