आखाड्याची पहिली पायरी



परीक्षा संपून सुटी लागली, की घरोघर एक प्रश्न निघतो. मुलाला किंवा मुलीला अंगसंरक्षणाची एखादी विद्या शिकवावयाची, तर आरंभ कोठून करावा? गावच्या तालमीत धाडावे, हातात लाठी द्यावी, की पांढऱ्या पोशाखातील कराटेच्या वर्गात नाव घालावे? प्रश्न विचारणारा बहुधा व्यायामशिक्षकाकडे जातो, आणि ज्याची जी विद्या तो तिचेच गुण गातो. त्यात त्याचा दोष नाही. आज मी हा प्रश्न इतिहासाला विचारणार आहे. कारण इतिहासाला कोणाकडून मासिक फी घ्यावयाची नसते.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही, की निवडीची ही मोकळीक अगदी अलीकडची आहे. आपल्या गावचा भुईकोट रावरंभा निंबाळकरांच्या नावाने ओळखला जातो. मराठ्यांची बाजू सोडून निजामाच्या पदरी गेलेला हा अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील सरदार. अशा सरदाराबरोबर स्वतःचे घोडे घेऊन निघणारा तो शिलेदार, आणि धन्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिलेदाराच्या पोराला ‘तू काय शिकतोस?’ असे कोण विचारणार? घोडा, भाला, पट्टा, ढाल हे त्याच्या पोटापाण्याचेच भाग. सुताराचा मुलगा वाकस धरतो तसा हा भाला धरी. विद्या माणसाला निवडी. माणूस विद्येला निवडीत नसे. आणि ज्याच्या वाट्याला ती विद्या जन्माने आली नव्हती, त्याने ती मागावी असेही सहसा घडत नसे.

याहून मागे गेलो तरी चित्र फारसे निराळे नाही. आपला हा सारा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता. त्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाने काय खावे येथपासून हत्ती कसा पारखावा येथपर्यंत सारे त्यात आहे. त्यात मल्लविनोदाचेही एक प्रकरण आहे. मल्लांची वय, देह आणि बळ पाहून केलेली प्रतवारी, त्यांची मेहनत, राजाने त्यांना पुरवावयाचे कडधान्य, मांस, दूध आणि मिष्टान्न यांची त्यात तपशीलवार व्यवस्था लावलेली आहे. डावांची नावे आहेत. पण डाव कसा मारावा हे नाही. मला हे फार सूचक वाटते. ज्या गोष्टी कागदावर येतात त्या राजाच्या कोठीतल्या. डाव मात्र वस्तादाच्या अंगात राहतो आणि पठ्ठ्याच्या अंगात उतरतो.

मग आपण होऊन निवड करणारा पहिला नवशिका कोण? ‘पहिला’ म्हणण्याचे धाडस मी करीत नाही, परंतु एक ठळक नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. जोतीराव फुले. माळ्याच्या घरचा, मिशनच्या शाळेत शिकलेला हा तरुण पुण्यात लहुजी वस्ताद साळव्यांकडे गेला. १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’त त्यांनी स्वतःच नमूद करून ठेविले आहे, की दांडपट्टा आणि निशाण मारणे आपण लहुजींकडे शिकलो. लहुजी मांग समाजातले. ज्या काळी सावलीचाही विटाळ मानीत, त्या काळी एक तरुण त्यांच्यापुढे शागीर्द म्हणून उभा राहतो! येथे निवड विद्येची जेवढी, तेवढीच गुरूची आहे. आणि माझ्या मते गुरूची अधिक. पट्टा शिकविणारे पुण्यात आणखीही असतीलच.

टिळकांचे उदाहरण याच्या शेजारी ठेवण्यासारखे आहे. डेक्कन कॉलेजात पाऊल टाकल्यावर पहिले वर्ष त्यांनी कुस्ती, पोहणे आणि मेहनत यांतच घालविले, आणि त्या वर्षी परीक्षेत ते नापास झाले. त्यांना लढावयाचे नव्हते. दुबळे शरीर कामाला लायक करावयाचे होते. दोघांचे हेतू वेगळे, म्हणून वाटाही वेगळ्या.

आता विषयाच्या गाभ्याकडे येतो. १८१८ साली पेशवाई गेली आणि १८७८ साली हत्यारांचा कायदा आला. या साठ वर्षांत मराठी मुलखातील शस्त्रविद्येचे काय झाले? ती मेली नाही. पण तिचा प्रतिस्पर्धी गेला. पट्ट्याचेच पाहा. लांब, सरळ, दुधारी पाते आणि कोपराकडे हात झाकणारा खोबळा. या हत्याराने मनगट वळत नाही, सारा फिराव खांद्याचा आणि कमरेचा. विट्याला दोरी बांधलेली, म्हणजे फेकलेला भाला पुन्हा हाती यावा. या रचनांमागे समोरच्या माणसाचा, त्याच्या घोड्याचा, त्याच्या ढालीचा विचार होता. तो समोरचा माणूस नाहीसा झाल्यावर पट्ट्याने करावयाचे काय? जमिनीवर ठेवलेले लिंबू कापावयाचे, मिरवणुकीत फिरवावयाचा. कोल्हापूरच्या आखाड्यांनी मर्दानी खेळ जतन केले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. तो पट्टा फिरताना पाहून अंगावर रोमांच उभे राहतात, हेही खरे. परंतु लिंबू उलटून वार करीत नाही.

फरी-गदग्याची गोष्ट मात्र थोडी निराळी. हाती कातड्याची लहान ढाल आणि कातड्याने मढविलेली काठी, आणि समोर तसाच सज्ज असलेला जोडीदार. मार बसतो, पण जीव जात नाही. म्हणून हा खेळ खेळ राहूनही खरा राहिला. लाठीच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी. नुसते हात फिरविणे हा उत्तम व्यायाम आहे. दोघे समोरासमोर येऊन वार-अडवण करू लागले, की मग ती विद्या.

कुस्ती टिकली ती याच कारणाने. तिला हत्यार लागत नव्हते, म्हणून कायद्याचा अडसर नव्हता. आणि तिचा प्रतिस्पर्धी रोज पहाटे हौदात हजर होता. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांची कथा तुम्ही ऐकली असेल. हैदराबादेकडून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान आव्हान घेऊन आले. बाळंभटांनी मुदत मागितली, वणीच्या सप्तशृंगीवर गेले, माकडांच्या उड्या पाहून मल्लखांब सिद्ध केला आणि परत येऊन कुस्ती जिंकली, अशी परंपरा सांगते. मल्लस्तंभाचा उल्लेख ‘मानसोल्लासा’तच आहे, तेव्हा खांब अगदीच नवा नव्हता. माकडांचे काय असेल ते असो. मला त्या कथेत दिसते ते इतकेच, की बलाढ्य माणसाशी झगडावयाचे आणि सरावाला तसा जोडीदार नाही, तेव्हा या गृहस्थाने एरंडेल चोपडलेल्या लाकडाला जोडीदार केले. खांब निसटतो, दाद देत नाही. हवेपेक्षा तो बरा.

पुढे १९१२ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरास खासबागचे मैदान उभे केले, आणि त्याच मुलखातून खाशाबा जाधव निघाले. कऱ्हाडजवळचे गोळेश्वर हे त्यांचे गाव. वडील दादासाहेब पहिलवान. त्यांनी पोराला पाचव्या वर्षीच हौदात उतरविले. १९४८ साली लंडनला खाशाबांचा सहावा क्रमांक आला. मातीतली कुस्ती पाठ टेकेपर्यंत चालते. मॅटवर घड्याळ असते आणि गुण असतात. चार वर्षांनी, १९५२ साली, त्याच माणसाने हेलसिंकीला कांस्यपदक घेतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पृष्ठभाग बदलला, नियम बदलले, पण प्रतिकार करणाऱ्या देहाची ओळख तीच होती, ती उपयोगी पडली.

जपानातही नेमका हाच पेच पडला होता. तेथील जुनी सत्ता संपून सामुराईंच्या तलवारी गेल्या, जुजुत्सूच्या शाळा ओस पडू लागल्या. कानो जिगोरो नावाचा विद्यार्थी अंगाने किरकोळ. दांडग्या मुलांच्या त्रासाला कंटाळून तो जुजुत्सू शिकला. १८८२ साली टोकियोच्या एका देवळात, बारा चटयांच्या जागेत, त्याने स्वतःची शाळा काढली आणि आपल्या विद्येला ‘जूदो’ म्हटले. त्याने केले काय? घातक डाव मोकळ्या खेळातून बाहेर ठेवले. वरवर पाहता विद्या दुबळी केली. पण त्यामुळे उरलेले डाव विद्यार्थी रोज, पूर्ण जोराने, न जुमानणाऱ्या जोडीदारावर करू शकले. हवेत मारलेल्या शंभर प्राणघातक ठोशांपेक्षा खऱ्या माणसावर साधलेला एक साधा पट अधिक कामाचा, हा त्याचा हिशेब. आमच्या तालमीला तो न शिकविताच ठाऊक होता. १९२९ साली रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात जूदो शिकविण्यासाठी ताकागाकी या जपानी शिक्षकाला बोलाविले, ते उगीच नव्हे.

कराटेचा आपल्याकडे बोलबाला झाला तो फार पुढे. १९७३ साली ब्रूस ली याचा ‘एंटर द ड्रॅगन’ आला, आणि त्यानंतरच्या वर्षांत शहरोशहरी वर्ग निघाले. मी कराटेचा द्वेष्टा नाही. ज्या वर्गात दोघे समोरासमोर उभे राहून झुंजतात, तेथे ती पुरी विद्या आहे. जेथे वर्षभर ओळीत उभे राहून हवेलाच ठोसे मारावयाचे आणि दर तीन महिन्यांनी फी भरून पट्ट्याचा रंग बदलावयाचा, तेथे आपल्या मिरवणुकीतल्या पट्ट्याचीच गत आहे. नाव तेवढे निराळे.

मुलींचा प्रश्न मुद्दाम वेगळा काढतो, कारण तालमीने तो फार काळ बाहेर ठेविला. हौदात स्त्रीने पाऊल टाकू नये हा नियम गावोगावी होता, आणि काही ठिकाणी अद्याप आहे. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची कुस्ती २००४ साली आली. आपल्याकडे ‘महिला महाराष्ट्र केसरी’ पहिल्यांदा भरली ती २०२३ साली सांगलीस, आणि ती गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने उचलली. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून भरते आहे. मधली बासष्ट वर्षे मोजा! ज्या गावी तालमीचे दार मुलींना बंद आहे, तेथे मुलीला जूदो मिळाला तर घ्यावा, नाहीतर जोडीची लाठी; पण दार ठोठावण्याचे सोडू नये.

खर्चाचे भय पुष्कळांना असते. पहिलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम. कोरडवाहू शेतकऱ्याला ते कसे झेपावे? झेपत नाही, हे खरे. गावाने वर्गणी काढून पहिलवान पोसावा, ही रीत त्यातूनच पडली. आपल्याच जिल्ह्यातल्या बोरामणी गावाने शेख घराण्यातले तीन महाराष्ट्र केसरी दिले: १९८० साली इस्माईल, १९९२ साली आप्पालाल, २००२ साली मुन्नालाल. असा एकेक मल्ल म्हणजे नुसत्या एका घरचे काम नव्हे. पण नवशिक्याला हा खुराक लागतच नाही. जत्रेत हलगी वाजू लागते तेव्हा आधी लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लावतात. त्या पोराला घरची भाकरी, डाळ, उसळ आणि जमेल तेवढे दूध पुरते.

तेव्हा कोणी मला आग्रहच केला, तर मी म्हणेन: आरंभ धरपकडीने करावा, कुस्तीने अगर जूदोने, हत्यार आणि ठोसा मागाहून. कारण यांत प्रथम पडावयास शिकतात. भर बाजारात कोणी तलवार घेऊन अंगावर येईल याचा संभव कितीसा? मोटारसायकलवरून पडण्याचा संभव पुष्कळच. पडताना हनुवटी छातीशी घ्यावी, हात टेकून मनगट मोडून घेऊ नये, हे ज्याच्या अंगवळणी पडले, त्याची फी तेथेच वसूल झाली.

आणि नाव घालण्यापूर्वी बापाने किंवा आईने एकदा पहाटे स्वतः जाऊन तास-दोन तास बसावे. भिंतीवरच्या ढाली आणि तसबिरी पाहू नयेत. नवा पोर कोणाबरोबर लावतात ते पाहावे. मोठा पठ्ठा त्याला चेपतो, की त्याला डाव करू देतो? वस्ताद पाहत उभा असतो, की गप्पांत रमलेला असतो? आणि एक प्रश्न अवश्य विचारावा: दुखापत झाली तर आपण काय करता? बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराची कीर्ती कुस्तीइतकीच हाडवैदकीसाठीही होती. जुम्मादादा मुसलमान उस्ताद. त्यांच्या हाताखाली तयार झालेले राजरत्न माणिकराव पुढे देशभर व्यायामाचे आचार्य म्हणून गाजले, आणि निखळलेला खांदा, मुरगळलेला गुडघा घेऊन लोक त्यांच्याकडे रांगा लावीत. आज अशा वेळी डॉक्टरकडेच न्यावे, यात वाद नाही. पण पोराला घेऊन कोठे, किती लवकर जावयाचे, हे त्या वस्तादाने आधीच ठरवून ठेवलेले असले, तर खुशाल दुसऱ्या दिवशी लंगोट घेऊन यावे.