नारू, बारव आणि एकाक्ष जीव

माहूर हें क्षेत्र समुद्रापासून शेंकडों कोस आंत. डोंगरावर रेणुकामातेचें देऊळ, शेजारच्या शिखरावर दत्तात्रेय, आणि यात्रेकरूंच्या स्नानास मातृतीर्थाचें तळें. अशा ठिकाणीं बसून समुद्रांतील परोपजीवी जीवांची गोष्ट काढणें वाचकांस विचित्र वाटेल. पण असल्या तळ्याचें किंवा मराठवाड्यांतील एखाद्या जुन्या बारवेचें ओंजळभर पाणी कांचेच्या पेल्यांत घेऊन उजेडासमोर धरावें. त्यांत बारीक पांढुरके ठिपके हिसके देत पळतांना दिसतात. हाच सायक्लॉप्स. कपाळाच्या मधोमध एकच डोळा, म्हणून ग्रीक पुराणांतील एकाक्ष राक्षसाचें नांव त्यास मिळालें. मादीच्या शेपटाशीं अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबत असतात. जातीनें हा खेकड्या-झिंग्यांचा दूरचा भाऊबंद. त्याच्या गणास कोपेपोडा, म्हणजे वल्ह्यासारख्या पायांचे, असें म्हणतात. या गणांत आज सुमारें १३ हजार जाती गणल्या जातात, त्यांतील बहुतेक समुद्रांत राहतात, आणि पुष्कळशा दुसऱ्याच्या अंगावर जगतात.

या परोपजीवी जातींनीं शास्त्रज्ञांना फार दिवस चकविलें. माशाच्या कल्ल्यांत डोकें रुतवून बसणारी लर्निया पाहावी, तर न हात, न पाय, न कवच. नुसती दोरीसारखी वळलेली पिशवी. लिनीअसनें १७५८ सालीं तिला कृमींच्या वर्गांत टाकलें यांत त्याचा दोष नव्हता. आम्हीहि तेंच केलें असतें. पुढें १८३२ मध्यें नॉर्डमन यानें अशा जीवांच्या अंड्यांतून निघणारीं पिल्लें तपासलीं, आणि तीं हुबेहूब सायक्लॉप्सच्या पिल्लांसारखीं निघालीं. लहानपणीं पोहणारा, पाय असलेला जीव आयतें अन्न मिळतांच आपले अवयव गमावून बसतो, हें तेव्हां स्पष्ट झालें. तेव्हांपासून वर्गीकरणकारांनीं प्रौढाच्या रूपावर विसंबणें सोडलें व बाल्यावस्थेची साक्ष काढण्यास आरंभ केला. आपल्या किनाऱ्यावरहि हें काम झालें आहे. मुंबईच्या बाजारांतील माशांवरील अशा जीवांचें वर्णन रांगणेकर यांनीं १९५० नंतरच्या दशकांत मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकांत केलें, आणि त्रिवेंद्रमचे कृष्ण पिळ्ळै यांचा सागरी माशांवरील परोपजीवी कोपेपॉडांचा मोठा ग्रंथ १९८५ सालीं प्रसिद्ध झाला.

गोड्या पाण्यांतील आपला सायक्लॉप्स मात्र परोपजीवी नव्हे. उलट तोच दुसऱ्या एका परोपजीव्याचें घर होतो. आणि येथेंच ही गोष्ट प्राणिशास्त्राच्या पुस्तकांतून निघून आपल्या गांवांत शिरते. तो परोपजीवी म्हणजे नारू.

आमच्या तरुण वाचकांनीं नारू पाहिलेला नसेल. दूषित पाणी प्याल्यावर सुमारें वर्षभर कांहींच कळत नाहीं. मग पायावर फोड येतो, आग आग होते, आणि फोड फुटून सुतासारख्या कृमीचें टोंक बाहेर येतें. तो कृमि हातभर किंवा त्याहूनहि लांब. वैद्य तो काडीवर गुंडाळून रोज बोट-दोन बोटें ओढीत; मध्येंच तुटला तर पाय सुजून पिकावयाचा. 'भावप्रकाशां'त यास स्नायुक म्हटलें आहे. आपल्याकडे तो बहुधा उन्हाळ्यांत व पावसाच्या तोंडावर, म्हणजे पेरणीच्या ऐन घाईंत उद्भवे. घरांतला कर्ता माणूस खाटेवर पडला कीं त्या वर्षाचें पीकच बुडालें म्हणावें.

हा कृमि शरीरांत शिरतो कोठून? मुंबईंत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास डॉ. हेन्री कार्टर यांनीं तळ्यांतील सूक्ष्म कृमि तपासले व ते कातडींतून शिरत असावे असा तर्क केला. तर्क चुकला, पण संशय पाण्यावर घेतला हें बरोबरच होतें. खरा दुवा तुर्कस्तानांत फेडचेंको या तरुण रशियन शास्त्रज्ञास १८७० च्या सुमारास सांपडला. नारूचीं पिल्लें सायक्लॉप्सच्या पोटांत शिरतात व तेथें वाढतात, हें त्यानें पाहिलें. त्यास ही दिशा जर्मन पंडित लॉयकार्ट यानें सुचविली होती. पुढें १८७३ सालीं फेडचेंको आल्प्स पर्वतांत बर्फांत सांपडून ऐन तारुण्यांत वारला. १९०७ मध्यें लीपर यानें माकडास असे सायक्लॉप्स चारून त्याच्या अंगांत नारू वाढवून दाखविला, आणि १९१३ मध्यें मुंबईच्या प्रयोगशाळेंतील डॉ. तर्खड यांनीं हीच गोष्ट माणसाच्या बाबतींत सिद्ध केली. तर्खडांचें नांव आपल्या शाळांतून ऐकूं येत नाहीं, याची खंत वाटते.

आतां बारवेकडे वळूं. आडाचें पाणी दोर-पोहऱ्यानें काढतात; पाण्यांत पाय पडत नाहीं. बारवेंत पायऱ्यांनीं थेट पाण्याशीं उतरावें लागतें. नारूचा रोगी आग शमविण्यास पाय पाण्यांत बुडवी, आणि त्याच क्षणीं मादी आपलीं लाखों पिल्लें पाण्यांत सोडी. सायक्लॉप्स तीं गिळी. पुढें घागर भरणाऱ्या बाईच्या घागरींत सायक्लॉप्स जाई. अशा रीतीनें पाणी सर्वांस मोकळें मिळावें म्हणून धर्मबुद्धीनें बांधलेल्या पायऱ्याच रोगाची वाट झाल्या. परभणी जिल्ह्यांतील वालूरच्या वर्तुळाकार बारवेसारखी रचना पाहिली कीं बांधणाराच्या बुद्धीचें कौतुक वाटतें. पण अशाच पायऱ्यांवरून पिढ्यान् पिढ्या लोक हें दुखणें घरीं नेत होते, हेंहि विसरतां येत नाहीं.

या रोगावर लस नाहीं व कृमि मारणारें खात्रीचें औषधहि नाहीं. १९८४ च्या सुमारास भारत सरकारनें मोहीम काढली, तेव्हां ज्या राज्यांत नारू होता त्यांत महाराष्ट्रहि होता. साधनें साधींच होतीं: पाणी दुहेरी फडक्यानें गाळणें, बारवांत अल्प प्रमाणांत टेमेफॉस टाकणें, पायऱ्या बुजवून बारवेचा आड करणें, हातपंप बसविणें, आणि रोग्यास पाण्यांत उतरूं न देणें. सायक्लॉप्स फडक्यांतून जाऊं शकत नाहीं, एवढ्या एका गोष्टीवर सारा डाव होता. देशांतील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्यें राजस्थानांत आढळला, आणि फेब्रुवारी २००० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त ठरविला. आफ्रिकेंतील कांहीं देशांत तो अद्याप आहे, आणि तेथें माणसांपेक्षां कुत्र्यांत अधिक सांपडतो.

वर्गीकरणकारांचें काम मात्र चालूच राहिलें. नारू वाहणाऱ्या सायक्लॉप्सास आपल्या पुस्तकांतून कित्येक वर्षें 'मेसोसायक्लॉप्स ल्युकार्टी' म्हणत. तें नांव त्याच लॉयकार्टच्या स्मरणार्थ. १९८१ सालीं कीफर यानें त्या नांवाखालीं एकत्र बांधलेले जीव सोडवून वेगळे केले, तेव्हां खरी ल्युकार्टी युरोप व उत्तर आशियांतलीच निघाली. आपल्या बारवांतील एकाक्ष जीव निराळ्या जातींचे ठरले. अलीकडे ठिकठिकाणीं तरुण मंडळी बुजलेल्या बारवांतील गाळ काढून महाशिवरात्रीस पायऱ्यांवर दिवे लावतात. गाळ निघाल्यावर वर येणाऱ्या पाण्यांत ते आजहि हिसके देत पोहत असतात.